दादांशी कमिशनचं बोलायचं कसं?

प्रश्न:

ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघंही नोकरी करतो, मुलगी पुढच्या वर्षी मिडल स्कूलला जाईल. आत्ताचं टाउनहाउस विकून थोडं मोठं, मागे अंगण असलेलं घर घ्यायचं ठरवलंय. टाउनहाउसचे साधारण 4,80,000 डॉलर येतील असं वाटतं. नव्या घरासाठी 7,00,000 पर्यंत जायची तयारी आहे.

आमच्या मंडळातले एक गृहस्थ रिअल इस्टेट एजंट आहेत. सगळे त्यांना दादाच म्हणतात. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा त्यांनीच आम्हाला अपार्टमेंट शोधून दिलं, तेव्हापासून घरोबा आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी एक घर दाखवायच्या आधी सहीसाठी कागद पाठवला. अडीच टक्के कमिशन, सहा महिने मुदत, मधल्या काळात दुसऱ्या एजंटकडे जायचं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अहो वहिनी, फॉर्मॅलिटी आहे. तुमच्या खिशातून काही जात नाही, विकणारा देतो." मग टाउनहाउस विकायचा कागद आला, त्यात पाच टक्के. इथे विकणारे आम्हीच, म्हणजे हे आम्ही द्यायचे! नवरा म्हणतो, दादांशी काय घासाघीस करायची, सही करून टाक. पुण्याहून बाबा म्हणतात, इकडे दलाल दोन टक्के घेतो, तुमच्याकडे पाच कसे? मैत्रीण म्हणते, नवे नियम आल्यापासून विकणाऱ्याने कमिशन द्यायचं बंदच झालंय. कोण खरं? आणि सही केली नाही तर शनिवारचं घर बघता येणार नाही म्हणे. जरा लवकर सांगा.

एक वाचक

उत्तर:

शनिवारचं आधी सांगते, कारण घाई त्याची आहे. दादा म्हणतात ते खरं आहे. एजंटने खरेदीदाराला घर दाखवण्याआधी, मग ते प्रत्यक्ष असो की व्हिडिओ कॉलवर, लेखी करार झालेला हवा. पण तो करार सहा महिन्यांचा हवा, त्यात दुसऱ्या एजंटला बंदी हवी, अडीचच टक्के हवेत, असं नियमात कुठेही नाही. एका घरापुरता, एका दिवसापुरता करारही चालतो आणि बऱ्याच ब्रोकरेज कंपन्यांकडे, म्हणजे एजंट ज्यांच्या हाताखाली काम करतात त्या कंपन्यांकडे, त्याचा छोटा फॉर्म तयार असतो. दादांना आजच कळवा: "शनिवारच्या घरापुरता कागद पाठवा, सही करते. मोठ्या कागदाचं आपण निवांत बसून बोलू." यात कुणाचा अपमान नाही. आणि त्या घराचं ओपन हाउस, म्हणजे कुणीही येऊन घर बघावं असा ठरलेला वेळ, असेल तर तिथे कोणत्याही कागदाशिवाय जाता येतं. फक्त एक पथ्य पाळा. तिथे हसतमुखाने उभा असलेला एजंट विकणाऱ्याचा असतो. बँकेने किती कर्ज मंजूर केलंय, तुमचं टाउनहाउस कधी विकलं जाणार, घर किती आवडलं, यातलं काहीही त्याच्यापाशी बोलू नका. स्वयंपाकघर बघून "अय्या, किती छान" हे मराठीत म्हटलं तरी चेहऱ्यावर कळतं.

आता कोण खरं ते. दादा अर्धे खरे आहेत. मैत्रीण चुकते आहे, पण ती का चुकते ते समजून घेण्यासारखं आहे. बाबांचा दर बरोबर आहे, फक्त ते अर्धाच हिशेब सांगताहेत: तिकडे दलाल सहसा घेणाऱ्याकडूनही घेतो आणि विकणाऱ्याकडूनही. इथे दोन्ही बाजूंच्या एजंटांचे पैसे वर्षानुवर्षं विकणाऱ्याच्या एकाच बिलात येत राहिले, म्हणून आकडा मोठा दिसतो. तसा तो मोठा आहेच. तो एवढा का, हे विचारत काही घरमालक शेवटी कोर्टात गेले.

जुनी पद्धत अशी होती. विकणारा आपल्या एजंटशी पाच किंवा सहा टक्के ठरवायचा. तो एजंट घर एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामायिक यादीवर टाकताना तिथेच लिहायचा, "जो खरेदीदार आणेल त्याच्या एजंटला इतके टक्के." असा काहीतरी देकार लिहिलाच पाहिजे, असा नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेचा नव्वदच्या दशकापासूनचा नियम होता. किती द्यायचं यावर बंधन नव्हतं, पण कमी लिहिलं तर समोरचे एजंट आपल्या घराकडे गिऱ्हाईक आणणार नाहीत ही भीती पुरेशी होती. गंमत बघा, घेणाऱ्याचा एजंट किंमत कमी करून मागणार, आणि त्याचे पैसे त्याच्याशी झगडणारा विकणारा देणार. घेणाऱ्याला तर आपल्या एजंटला किती मिळाले हे अनेकदा ठाऊकही नसायचं.

मिझुरीतल्या घर विकणाऱ्यांनी 2019 मध्ये याविरुद्ध दावा लावला. 31 ऑक्टोबर 2023 रोजी कॅन्सस सिटीतल्या ज्युरीने संघटना आणि काही मोठ्या ब्रोकरेज कंपन्यांच्या विरोधात निकाल देऊन सुमारे 178 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. स्पर्धाविषयक कायद्यात ही रक्कम तिप्पट होऊ शकते, त्यामुळे मार्च 2024 मध्ये संघटनेने चूक कबूल न करता 41.8 कोटी डॉलरवर तडजोड केली आणि नियम बदलायचं मान्य केलं. ते नियम 17 ऑगस्ट 2024 पासून लागू आहेत. मुख्य बदल दोनच. एमएलएसवर घेणाऱ्याच्या एजंटचं कमिशन लिहायचं नाही. आणि घेणाऱ्याने घर बघण्याआधी आपल्या एजंटशी लेखी करार करायचा, ज्यात त्याचे पैसे स्पष्ट असतील.

विकणाऱ्याने देऊ नये असं यात कुठेही नाही. एमएलएसच्या बाहेर तो देऊ करू शकतो, घेणारा आपल्या ऑफरमध्ये मागू शकतो, आणि आजही बहुतेक व्यवहारांत विकणाराच देतो. तुमच्या मैत्रिणीने बातमीचा मथळा वाचला असावा. दरही फारसे खाली आलेले नाहीत, घेणाऱ्याच्या एजंटचं कमिशन अडीच टक्क्यांच्या आसपासच रेंगाळलंय. याचं कारण मला तुमच्या पत्रातच दिसतं. नियमाने घासाघीस करायची वेळ ठरवून दिली, घर बघायच्या आधीची. पण त्या वेळी समोर बहुतेकदा ओळखीचा माणूस असतो, मनात शनिवारचं घर असतं, आणि आपण "फॉर्मॅलिटी" म्हणून सही करून मोकळे होतो.

तर दादांचा कागद पुढ्यात घ्या आणि हातात पेन्सिल धरा.

पहिल्यांदा रक्कम. ती टक्क्यांत असेल, ठोक असेल किंवा तासावर असेल, पण नेमकी हवी. "विकणारा देईल तेवढं" किंवा "दोन ते तीन टक्के" असं मोघम लिहिता येत नाही. त्याच कागदावर ठळकपणे असंही लिहिलेलं असायलाच हवं की कमिशन कायद्याने ठरलेलं नसतं, ते पूर्णपणे वाटाघाटीचा विषय आहे. ते वाक्य शोधा आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. दादांच्या कंपनीनेच छापलंय म्हटल्यावर त्यावर बोलायला संकोच कसला?

मग ही रक्कम म्हणजे कमाल मर्यादा आहे हे लक्षात घ्या. तुम्ही अडीचवर सही केलीत आणि एखादा विकणारा तीन द्यायला तयार असला, तरी वरचा अर्धा टक्का दादांना घेता येत नाही, कोणत्याही वाटेने. तो विकणाऱ्याकडून तुमच्या क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा करतानाच्या, खर्चासाठी मागता येतो. उलट बाजू मात्र बोचरी आहे. विकणारा दोनच टक्के देणार असेल तर उरलेला अर्धा कुणाचा? कागदात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तुमचा. सात लाखांच्या घरावर ते 3,500 डॉलर होतात, आणि विकणाऱ्याने काहीच दिलं नाही तर पूर्ण 17,500. "तुमच्या खिशातून काही जात नाही" हे दादांचं वाक्य खरं असेल तर त्यांना ते लिहून द्यायला सांगा: या अडीच टक्क्यांपैकी विकणारा देईल तेवढ्यावर समाधान मानू, फरक खरेदीदाराकडून घेणार नाही. काही एजंट लिहून देतात, काही देत नाहीत. न देणारे लबाड असतात असं नाही, पण मग ते वाक्य तोंडीसुद्धा म्हणायला नको.

सहा महिने एकाच एजंटशी बांधून घेणं हे काही जगावेगळं नाही. तुमच्या जागी मी साठ किंवा नव्वद दिवस मागेन, आणि लेखी सूचना देऊन कुठल्याही बाजूने करार संपवता येईल अशी ओळ घालून घेईन. भागही मर्यादित ठेवा. मुलीच्या शाळेसाठी तुम्ही दोन-तीन गावंच बघत असाल तर करार त्या गावांपुरता असू द्या, अख्ख्या राज्याचा कशाला?

कागदाच्या शेवटाकडे एक कलम बहुधा सापडेल, ज्याकडे कुणी बघत नाही. करार संपल्यावरही ठरावीक दिवसांत तुम्ही घर घेतलं तर दादांचं कमिशन द्यावं लागेल, अशा अर्थाचं. त्यांनी दाखवलेली घरं तुम्ही त्यांना टाळून मागच्या दाराने घेऊ नयेत यासाठी ते असतं, आणि ते रास्तही आहे. फक्त "त्यांनी दाखवलेली घरं" असं लिहिलंय की "कोणतंही घर", एवढं तपासा. दुसरं असेल तर खोडा. ब्रोकरेजची म्हणून काहीशे डॉलरची वेगळी प्रशासकीय फी कुठे लपली आहे का तेही बघा. ती कमिशनच्या वर असते आणि विचारलं की बऱ्याचदा माफ होते.

आणखी एक, आणि तुमच्या बाबतीत हे घडू शकतं. दादांचा आपल्या भागात चांगला जम असेल तर तुम्हाला आवडलेलं घर विकायलाही तेच असू शकतात, किंवा त्यांच्याच ऑफिसमधलं कुणी. याला ड्युअल एजन्सी म्हणतात. न्यू जर्सीत दोन्ही बाजूंची लेखी संमती असेल तर ती चालते. पण मग दादा तुम्हाला विकणारा किती खाली येईल हे सांगू शकत नाहीत, आणि त्याला तुम्ही किती वर जाल हेही नाही. म्हणजे ज्या सल्ल्यासाठी आपण एजंट ठेवतो, नेमका तोच मिळत नाही. या संमतीवर आत्ताच, आंधळेपणाने सही करू नका. तसं घर समोर आलं तर तेव्हा बोलू, आणि तेव्हा तुमच्या बाजूचं कमिशन कमी होईल, असं लिहून ठेवा.

आता पैसे नेमके कुणाच्या खिशातून जातात ते. विकणारा आपल्या घरून पैसे आणून कुणाला देत नाही. क्लोजिंगच्या टेबलावर पैसे घेऊन येणारे तुम्ही असता, त्यातून दोन्ही एजंटांचे पैसे वळते होतात आणि उरलेले त्याला मिळतात. कमिशन घराच्या किमतीत मुरलेलं असलं की ते तुमच्या कर्जातही मुरतं. वीस टक्के डाउन पेमेंट धरलं तर 17,500 पैकी 14,000 तुम्ही तीस वर्षं व्याजासकट फेडत राहता. तेच तुम्ही स्वतः द्यायचे म्हटले तर बँक त्यासाठी वेगळं कर्ज देत नाही. डाउन पेमेंट आणि क्लोजिंगच्या खर्चाबरोबर ते रोख उभे करावे लागतात. पहिलं घर घेणारी तरुण जोडपी इथेच अडतात. माजी सैनिकांच्या व्हीए कर्जावर घर घेणाऱ्यांना तर आपल्या एजंटला स्वतः पैसे द्यायला मनाईच होती. ऑगस्ट 2024 मध्ये ती तात्पुरती उठवावी लागली, नाहीतर त्यांना एजंट मिळणंच कठीण झालं असतं.

म्हणून बहुतेक जण ऑफरमध्येच मागतात, "किंमत इतकी, आणि माझ्या एजंटचे पैसे विकणाऱ्याने द्यायचे." मागायला काहीच हरकत नाही. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या खर्चाला किती हातभार लावावा यावर कर्ज देणाऱ्यांच्या मर्यादा असतात, पण रिवाजाप्रमाणे दिलेलं एजंटचं कमिशन फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्था त्या मर्यादेत धरत नाहीत, तेव्हा ती काळजी नको. काळजी दुसरीच आहे. समजा तुम्ही 7,00,000 ची ऑफर दिलीत आणि एजंटचे 17,500 मागितलेत. दुसऱ्या कुणी 6,90,000 दिले आणि काहीच मागितलं नाही. विकणाऱ्याच्या हातात तुमच्याकडून 6,82,500 पडतात, त्याच्याकडून 6,90,000. दहा हजार जास्त देऊनही घर तुमच्या हातून जातं. हेच कमिशन दोन टक्के असतं तर तुमची ऑफर त्याला 6,86,000 ची वाटली असती. तरी कमीच, पण अंतर जवळजवळ निम्म्यावर आलं. घरं कमी आणि घेणारे जास्त असतील तिथे एवढ्या फरकावर निकाल लागतात. तेव्हा "विकणारा देतो ना, मग आपल्याला काय" हा विचार सोडा. तुमच्या एजंटचा दर तुमच्या प्रत्येक ऑफरच्या पाठीवर ओझं होऊन बसतो.

टाउनहाउसच्या कागदाकडे वळू. पाच टक्के म्हणजे 24,000 डॉलर. त्यात दादांचे किती आणि घेणाऱ्याच्या एजंटसाठी किती, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. नव्या नियमांप्रमाणे समोरच्या एजंटला काही द्यायचं असेल तर त्याची रक्कम तुम्हाला आधी सांगून लेखी मान्यता घ्यावी लागते. मग हा प्रश्न विचाराच: घेणारा एजंटशिवाय आला तर? कागदात नुसतं "एकूण पाच टक्के" असेल तर समोरच्या बाजूचे 12,000 सुद्धा दादांच्या कंपनीकडे जाऊ शकतात. ते तुमच्याकडे राहायला हवेत, निदान त्यातले बरेचसे. माझ्या मते दोन्ही कागदांतली सगळ्यात महाग जागा हीच आहे.

मग समोरच्या एजंटला देऊ करायचं की नाही? तुमच्या मैत्रिणीचं ऐकून "आम्ही काही देणार नाही" अशी पाटी लावू नका. तुमचं टाउनहाउस घेणार कोण? बहुधा तुमच्यासारखंच, काही वर्षांपूर्वीचं जोडपं, ज्याची सगळी शिल्लक डाउन पेमेंटला लागली आहे. त्याला वरून दहा-बारा हजार रोख द्यायला लावलेत तर ते दुसऱ्या घराकडे जाईल. पण आधीच अडीच टक्के जाहीर करायचीही गरज नाही. दादांना सांगा, "ऑफरमध्ये मागणी येऊ द्या, विचार करू." मग प्रत्येक ऑफर आली की किंमत बघू नका, सगळं वजा जाता हातात काय पडतं ते बघा. एखादा 4,85,000 देऊन तीन टक्के मागेल, दुसरा 4,78,000 देऊन दोन. दादांचं कमिशन द्यायच्या आधी पहिल्यात 4,70,450 उरतात, दुसऱ्यात 4,68,440. शेजारच्या रांगेतल्या टाउनहाउसला किती मिळाले हा गप्पांचा विषय म्हणून चांगला आहे, पण तुमचं काम हातात पडणाऱ्या आकड्याशी. विकताना दिलेलं कमिशन कर मोजताना नफ्यातून वजा होतं हेही नोंदवून ठेवा. पण पाचपैकी दोन वर्षं त्या घरात राहिलेल्या जोडप्याला 5,00,000 डॉलरपर्यंतच्या नफ्यावर तसाही केंद्रीय कर नसतो, तेव्हा तुम्हाला त्याची गरज बहुधा पडणार नाही.

राहता राहिले दादा, आणि तुमचे यजमान.

भीड ही भिकेची बहीण, हे आपण मुलांना सांगतो आणि स्वतः मंडळाच्या कार्यक्रमात पुन्हा भेट होणार म्हणून गप्प बसतो. दादांनी तुम्हाला पूर्वी मदत केली त्याचं मोल आहेच. पण या दोन व्यवहारांत त्यांच्या बाजूला विक्रीचे 12,000 आणि खरेदीचे 17,500 मिळून 29,500 डॉलर जाणार आहेत. यातले सगळे दादांना मिळत नाहीत. त्यांच्या ब्रोकरेजचा हिस्सा असतो, गाडी-पेट्रोल त्यांचं, आणि तीस घरं दाखवून गिऱ्हाईकाने "सध्या नको" म्हटलं तर हाती शून्य. म्हणून मी त्यांना फार खाली खेचा असं म्हणणार नाही. पण एकाच घरचे दोन व्यवहार मिळताहेत, नवीन गिऱ्हाईक शोधायची यातायात नाही, आणि तुमचं बजेट ठरलेलं आहे, या तीन गोष्टी सवलत मागायला पुरेशा आहेत. दोन्हीकडे दोन-दोन टक्के मागा. विक्रीचे 9,600 आणि खरेदीचे 14,000, म्हणजे 23,600. तुमचे 5,900 वाचतात आणि दादांनाही एका कुटुंबाकडून पुरेसं मिळतं.

सुरुवात नवऱ्याने करावी, कारण सही करायची घाई त्यालाच आहे. शब्द साधे ठेवा: "दादा, काम तुमच्याकडेच द्यायचंय. विकायचं आणि घ्यायचं दोन्ही तुम्हीच करणार, तर दोन्हीकडे दोन टक्के करून द्या, आणि विकणाऱ्याने कमी दिलं तर फरक आमच्यावर येणार नाही असं लिहा." एवढं बोलून थांबा. पुढची शांतता भरून काढायला "नाही जमलं तरी चालेल हं" असं म्हणू नका, ही आपली फार जुनी खोड आहे.

ते म्हणतील, "ब्रोकर अडीचच्या खाली येऊ देत नाही." असू शकेल. तो त्यांच्या कंपनीचा नियम आहे, राज्याचा किंवा देशाचा नाही, आणि तो मोडायची परवानगी ब्रोकरकडे मागता येते. तिथेही नाही झालं तर न्यू जर्सीत एजंटला आपल्या कमिशनमधला काही भाग घर घेणाऱ्याला परत देता येतो. ओरेगॉनसारख्या काही राज्यांत त्याला मनाई आहे, आपल्याकडे नाही. मात्र ते सुरुवातीच्या करारात लिहिलेलं हवं आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही माहीत हवं. गुपचूप चेक घेणं नको.

आणि त्या बदल्यात ते काय करणार हेही विचारा. तुमच्या त्या दोन-तीन गावांत गेल्या वर्षभरात त्यांनी किती घरं मिळवून दिली, तपासणीत तळघरात पाणी निघालं तर ते विकणाऱ्याशी कसे बोलले, एखादं घर घेऊ नका असं त्यांनी गिऱ्हाईकाला कधी सांगितलं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "घेऊ नका" म्हणू शकणाऱ्या एजंटला अडीच टक्के दिले तरी मला वाईट वाटणार नाही. नुसतं कुलूप उघडून देणाऱ्याला दोनही जास्त आहेत. तशा कामासाठी आता ठोक पैसे घेणारे एजंट आहेत. न्यू जर्सीत एजंटने तयार केलेल्या घराच्या कराराला तीन कामाच्या दिवसांची वकिली तपासणी असते, आणि बरेच वकील त्यासाठी ठरावीक रक्कम घेतात. म्हणून कागदपत्रांच्या भीतीपोटी जास्तीचं कमिशन देण्याचं कारण नाही. वकील घराची किंमत योग्य आहे का ते मात्र सांगणार नाही.

दादा काहीच कमी करायला तयार नसतील तर टाउनहाउस त्यांच्याकडे द्या आणि खरेदीसाठी दुसरा एजंट बघा, किंवा उलट. दोन्ही एकाच माणसाकडे द्यायचं बंधन नाही. तसं केलंत तर शनिवारपर्यंत त्यांनी दाखवलेल्या घरांची यादी ईमेलवर मागून घ्या आणि ती नव्या एजंटला पहिल्याच भेटीत दाखवा. नाहीतर त्यातलंच एखादं घर घेतलंत तर दोन्ही एजंट कमिशन मागायला उभे राहतील.